दगडी घराची खिडकी : चौकटीआधी भिंतीचा विचार

चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम हे आता स्वतंत्र महानगरपालिकेचे शहर आहे. पल्लावरम, पम्मल, अनकापुत्तूर यांसारख्या शेजारच्या नगरपालिका एकत्र करून नोव्हेंबर २०२१ मध्ये ही महापालिका अस्तित्वात आली. रेल्वे, हवाई दलाचा तळ आणि मद्रास ख्रिश्चन कॉलेज यांच्यामुळे परिचित असलेल्या या भागात वस्ती झपाट्याने दाट होत गेली. नव्या इमारतींच्या दाटीत जी जुनी दगडी घरे उरली आहेत, त्यांच्या भिंतींत पूर्वी नसलेल्या खिडक्या काढण्याची किंवा असलेल्या खिडक्या रुंद करण्याची गरज रहिवाशांना भासते. कधी उजेडासाठी, कधी वातानुकूलन यंत्रासाठी, तर कधी अॅल्युमिनियमची सरकती तावदाने बसविण्यासाठी भिंत फोडली जाते.

असे काम बहुधा दोन दिवसांत उरकते. त्याचे परिणाम मात्र दोन-तीन पावसाळ्यांनंतर दिसू लागतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर चढते, चौकट अडकू लागते, खालच्या काठाशी ओल येते आणि भिंतीला फुगवटा दिसतो. अशा वेळी चौकट बदलणे किंवा भेगेत सिमेंट भरणे हा उपाय सर्रास केला जातो. मूळ दोष चौकटीत नसून भिंतीत असल्याने तो उपाय टिकत नाही. दगडी भिंतीतील सदोष खिडकी दुरुस्त करणे म्हणजे वरून येणाऱ्या भाराला आणि बाहेरून येणाऱ्या पाण्याला योग्य वाट करून देणे होय. चौकटीचे काम त्यानंतरचे.

पल्लावरमचा दगड

तांबरम, पल्लावरम आणि परंगीमलै म्हणजेच सेंट थॉमस माउंट या पट्ट्यातील टेकड्या चार्नोकाइट नावाच्या खडकाच्या आहेत. निळसर करड्या रंगाचा हा अतिशय कठीण खडक सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा आहे. कोलकात्याशी नाव जोडल्या गेलेल्या जॉब चार्नॉक यांच्या तेथील थडग्यावरील शिळा याच जातीच्या दगडाची आहे. भूशास्त्रज्ञ थॉमस हॉलंड यांनी १८९३ मध्ये त्यावरूनच खडकाला हे नाव दिले. परंगीमलै येथील चार्नोकाइटचा उघडा भाग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केला आहे. पल्लावरम येथेच सातव्या शतकातील पल्लव राजा महेंद्रवर्मन पहिला याच्या काळातील खडकात कोरलेली लेणी आहे.

स्थानिक तमिळ भाषेत अशा काळ्या, कठीण दगडाला 'करुंगल' म्हणतात. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाशी, म्हणजे बेसाल्टशी, त्याची जात जुळत नाही. तो खोल भूगर्भातील प्रचंड दाबात व उष्णतेत घडला, तर बेसाल्ट लाव्हारसातून तयार झाला. गवंड्याच्या दृष्टीने मात्र दोघांत एक महत्त्वाचे साम्य आहे. दोन्ही दगड फारसे पाणी शोषत नाहीत. त्यामुळे अशा दगडांच्या भिंतीत ओल आत शिरते ती सांध्यांतून, आणि बाहेर पडते तीही सांध्यांतूनच. कोकण-गोव्यातील जांभा दगड सच्छिद्र असल्याने तेथे दगडही ओलावा घेतो व सोडतो. करुंगलच्या भिंतीत ती सोय नसते. सांधा कशाने भरला आहे, हा प्रश्न येथे म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.

भिंत आतून कशी असते

बाहेरून एकसंध दिसणारी जुनी दगडी भिंत पुष्कळदा तीन थरांची असते. बाहेरच्या आणि आतल्या अंगाला मोठे दगड रचलेले असतात व मधल्या पोकळीत लहान दगड, माती किंवा चुन्याचा माल भरलेला असतो. हे दोन्ही थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून मधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीएवढे आरपार दगड घालण्याची पद्धत आहे. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक संस्थेने १९९३ मध्ये काढलेल्या संहितेनुसार असे आरपार दगड उंचीत प्रत्येक ६० सेंटिमीटरला आणि आडव्या दिशेने जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर अंतराने असावेत.

अशा भिंतीत घणाने भोक पाडले की भोकाच्या दोन्ही बाजूंना मधला सैल भराव उघडा पडतो. चांगल्या गवंडीकामात या बाजू घडीव दगडांनी नव्याने बांधल्या जातात. एक लांब दगड भिंतीत खोल जाणारा, त्यावर एक आखूड, पुन्हा एक लांब, अशी गुंफण केली जाते. घाईच्या कामात ही पायरी गाळली जाते. तुटक्या कडांवर सिमेंटचा गिलावा थापून बाजू सरळ दिसतील एवढेच पाहिले जाते. वरच्या बाजूला काँक्रीटची अरुंद पट्टी टाकली जाते आणि ती अनेकदा भिंतीच्या केवळ बाहेरच्या थरावर टेकलेली असते. आतल्या थराला मग आधारच राहत नाही.

रुंदी दुप्पट, भार चौपट

खिडकीवरील सगळी भिंत खिडकीच्या तुळईवर बसत नाही. नीट गुंफलेल्या भिंतीत दगड एकमेकांवर कलून भार दोन्ही बाजूंना नेतात. प्रत्यक्ष तुळईवर साधारणपणे समभुज त्रिकोणाएवढ्या भागाचे वजन येते, असे स्थापत्यशास्त्रात मानले जाते. खिडकी १२० सेंटिमीटर रुंद आणि भिंत ४५ सेंटिमीटर जाड असेल, तर या त्रिकोणातील दगडी बांधकामाचे वजन सुमारे ७०० किलो भरते. खिडकी २४० सेंटिमीटर रुंद केली, की तेच वजन २,८०० किलोच्या आसपास जाते. रुंदी दुप्पट झाली तरी वजन चौपट होते आणि तुळईला वाकविणारा जोर आठपट होतो. वरच्या मजल्याची किंवा छपराची एखादी तुळई नेमकी या त्रिकोणात टेकलेली असेल, तर तिचा भार वेगळा धरावा लागतो.

ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंतीत गुंफण कमकुवत असते. तेथे त्रिकोणाचा हिशेब पुरेसा धरता येत नाही आणि अधिक भाराची तयारी ठेवावी लागते. दगडाच्या अखंड शिळेची तुळई दाबाला उत्तम टिकते, पण वाकण्याला फारशी टिकत नाही. जुने कारागीर म्हणूनच शिळेच्या वर भार वाहणारी कमान घालत किंवा खिडकी अरुंद ठेवत. जुन्या घरांच्या खिडक्या लहान असण्यामागे सुरक्षितता आणि हवामान यांच्याबरोबर हे गणितही होते.

किल्लारीचा धडा

दगडी भिंत कशी कोसळते, याचा सर्वांत दारुण अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी, सास्तूर परिसरातील घरे जाड दगडी भिंतींची होती. दगड मातीत रचलेले, आरपार दगडांचा अभाव आणि वर मातीच्या माळवदाचे प्रचंड ओझे, अशी त्यांची रचना होती. हादऱ्याबरोबर भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि ढासळले. तोवर हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या गटात गणला जात होता.

भूकंपानंतर ५२ गावांचे पुनर्वसन झाले. त्याचबरोबर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात लाखाहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण करण्याचे काम हाती घेण्यात आले. तेथे वापरलेली एक साधी पद्धत आजही उपयोगी आहे. भिंतीतील एखादा दगड घाव न घालता सळईने हळूहळू सैल करून काढायचा, पलीकडच्या अंगापर्यंत वाट करायची, त्या पोकळीत दोन्ही टोकांना आकडे असलेली लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरायचे. असा कृत्रिम आरपार दगड भिंतीचे दोन्ही थर एकत्र बांधून ठेवतो.

दारे-खिडक्यांविषयीच्या सूचनाही या अनुभवातून अधोरेखित झाल्या. उघडी जागा शक्य तितकी लहान असावी, ती भिंतीच्या मध्याकडे असावी, कोपऱ्याला खेटून नसावी, दोन खिडक्यांमध्ये पुरेशी भिंत राहावी आणि सर्व दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून घराला वेढणारा अखंड पट्टा असावा, हे त्यांचे सार आहे. चेन्नईच्या रहिवाशांना हे परके वाटण्याचे कारण नाही. भूकंपविषयक भारतीय संहितेच्या २००२ च्या आवृत्तीत चेन्नईचा समावेश दुसऱ्या विभागातून तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात करण्यात आला.

आधी निदान

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी भिंत काय सांगते ते पाहणे आवश्यक असते. खिडकीच्या डोक्यावर मधोमध उभी भेग असेल, तर तुळई वाकली किंवा तडकली असण्याचा संभव असतो. कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या भेगा बहुधा पाया खचल्याकडे किंवा बाजूचा आधार दबल्याकडे बोट दाखवितात. भिंतीला फुगवटा आला असेल, तर दोन थर सुटू लागले आहेत असे समजावे. ही तिन्हींतील सर्वांत गंभीर अवस्था होय. हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज येणारा भाग खडूने आखून घेतल्यास आतील सैलपणाची व्याप्ती कळते.

भेग जुनी व स्थिर आहे की अजून वाढते आहे, हे ओळखण्याचा उपाय स्वस्त आहे. भेगेवर आडवी पातळ काचपट्टी किंवा प्लास्टरची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहितात. पट्टी तडकली, तर हालचाल चालू आहे. अशा वेळी कारण शोधल्याशिवाय भेग बुजविणे व्यर्थ ठरते. घाई नसेल तर कोरड्या ऋतूपासून पावसाळ्याच्या अखेरपर्यंत निरीक्षण करणे चांगले. फुगवटा वाढत असेल किंवा दगड निखळत असतील, तर वाट न पाहता भिंतीला टेकू द्यावा, त्या खोलीचा वापर थांबवावा आणि संरचना अभियंत्याला बोलवावे.

कामाचा क्रम

पहिले काम आधार देण्याचे. खिडकीच्या वर भिंतीतून आरपार पोलादी किंवा भक्कम लाकडी आडवे दांडे घालून ते दोन्ही बाजूंना खांबांवर टेकवितात. वरच्या मजल्याच्या तुळया या भिंतीवर असतील, तर त्यांनाही वेगळे टेकू द्यावे लागतात. खांबांखाली रुंद फळ्या ठेवल्या नाहीत, तर ते जमिनीत किंवा फरशीत रुततात. दांडे आणि भिंत यांतील फट पाचरींनी घट्ट केल्यावरच टेकू भार घेऊ लागतो.

दुसरे काम उलगडण्याचे. सैल दगड वरून खाली या क्रमाने काढतात आणि प्रत्येकावर क्रमांक घालतात, म्हणजे ते मूळ जागी परत बसविता येतात. घण आणि विजेवर चालणारे फोडयंत्र येथे टाळावे. त्यांच्या हादऱ्याने मधला भराव आणखी सुटतो. करुंगल दगड घडविणे कष्टाचे व खर्चाचे असल्याने जुना दगड जपून ठेवणे किफायतशीरही ठरते.

तिसरे काम बाजू बांधण्याचे. लांब-आखूड दगडांची गुंफण करीत, मधूनमधून आरपार दगड घालीत दोन्ही बाजू खालून वर नेतात. उघड्या पडलेल्या मधल्या भागात दगडांच्या चिपा आणि चुन्याचा माल ठासून भरतात. आत खोल पोकळ्या असतील, तर चुन्याचा पातळ माल अतिशय कमी दाबाने, खालून वर टप्प्याटप्प्याने सोडतात. एकदम भरल्यास ओल्या मालाचा दाबच भिंतीचे थर बाहेर ढकलतो.

चौथे काम तुळईचे किंवा कमानीचे. तुळई भिंतीची पूर्ण जाडी व्यापणारी हवी आणि दोन्ही बाजूंना पक्क्या बांधकामावर पुरेशी टेकलेली हवी. सैल भरावावर टेकलेली तुळई कितीही मजबूत असली तरी निरुपयोगी ठरते. जाड भिंतीत दोन तुळया शेजारी-शेजारी घालणे सोयीचे असते. आधी बाहेरच्या अर्ध्या भागाची बसवावी, ती पक्की झाल्यावर आतल्या भागाची. तुळई आणि तिच्यावरचे दगड यांत राहिलेली फट कोरडसर माल व दगडी चिपांनी ठासून बंद करणे ही बारीक वाटणारी पण निर्णायक गोष्ट आहे. ती फट राहिली, तर टेकू काढताच वरची भिंत तेवढी खाली बसते आणि भेग पुन्हा उघडते.

टेकू काढण्याची घाई करू नये. चुन्यातील कमानीला किंवा बाजूंना ताकद यायला सिमेंटपेक्षा बराच अधिक काळ लागतो. पाचरी थोड्याथोड्या सैल करीत, भिंतीकडे लक्ष ठेवीत आधार उतरवितात. चौकट त्यानंतर बसते. चौकटीने भिंतीचा भार वाहू नये, म्हणून तिच्याभोवती थोडी मोकळीक ठेवून ती मऊ मालाने भरतात.

चुना आणि सिमेंट

सिमेंट लवकर घट्ट होते, सर्वत्र मिळते आणि प्रत्येक गवंड्याला ठाऊक असते. तरीही जुन्या दगडी भिंतीच्या दर्जा सिमेंटने भरणे हानिकारक ठरते. करुंगलसारख्या भिंतीत ओल बाहेर जाण्याचा मार्ग केवळ सांध्यांचा असतो. तो सिमेंटने बंद झाला, की भेगांतून शिरलेले पाणी आतच कोंडले जाते, मधली माती किंवा जुना चुना भुसभुशीत होतो आणि ओल खोलीच्या आतील बाजूला उमटते. शिवाय सिमेंट ताठर असते. भिंत किंचित हलली तरी ते दगडापासून सुटते आणि केसाएवढ्या फटीतून पाणी ओढून घेते. चुना थोडी हालचाल सहन करतो आणि ओलावा बाहेर जाऊ देतो.

तमिळनाडूत चुन्याच्या कामाची मोठी परंपरा आहे. शंख-शिंपल्यांच्या चुन्यापासून केलेला आरशासारखा गुळगुळीत मद्रासी गिलावा एके काळी सर्वत्र नावाजला जात असे. मालात गूळ आणि हिरडा घालण्याची रीत तमिळनाडूप्रमाणेच महाराष्ट्रातही होती. आजच्या दुरुस्तीसाठी चांगला विरलेला चुना आणि स्वच्छ, कणीदार वाळू हे साधारण एकास अडीच ते तीन या प्रमाणात पुरते. समुद्रकाठची खारी वाळू वापरू नये. चेन्नईच्या उन्हात चुना घट्ट होण्याआधीच सुकण्याचा धोका असतो. त्यामुळे ताज्या कामावर ओली गोणपाटे टांगून काही आठवडे ओलावा राखावा लागतो.

सिमेंट काँक्रीटला या कामात जागाच नाही, असे नाही. तुळई, भूकंपरोधक पट्टा किंवा किल्लारीच्या धर्तीवरील आरपार दगड काँक्रीटचे असू शकतात. मात्र त्यांतील सळया पुरेशा झाकलेल्या हव्यात. दगडात रुतविलेले खिडकीचे साधे लोखंडी गजही धोक्याचे असतात. लोखंड गंजताना फुगते आणि कठीण दगडही फोडते. समुद्राच्या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात गंजरोधक पोलाद वापरणे इष्ट ठरते.

पावसाची दिशा

महाराष्ट्रात पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे घराच्या पश्चिम व दक्षिण अंगांना झडप बसते. तांबरमला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. महाराष्ट्रातून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना हा फरक लक्षात घ्यावा लागतो. येथे उत्तर आणि पूर्व दिशांच्या खिडक्या अधिक जपाव्या लागतात. डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दोन दिवसांतील अतिवृष्टीत तांबरम येथे २४ तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला होता. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईजवळ किनाऱ्यावर धडकले.

अशा पावसात खिडकीचा खालचा काठ सर्वांत असुरक्षित असतो. हा दगड बाहेरच्या बाजूला उतरता असावा, भिंतीच्या साधारण पाच सेंटिमीटर पुढे यावा आणि त्याच्या खालच्या अंगाला आडवी खाच असावी. या खाचेमुळे पाणी दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे न जाता थेंबाथेंबाने खाली पडते. वर छज्जा असल्यास त्यालाही अशीच खाच हवी. पुष्कळ घरांत चौकटीभोवतीची ओल थांबविण्यासाठी रासायनिक लेप लावले जातात. उतार आणि खाच या दोन गोष्टी नसतील, तर लेपाचा उपयोग थोडे दिवसच होतो.

परवानगी आणि हंगाम

भिंतीतील उघडी जागा वाढविणे हा इमारतीच्या रचनेतील बदल असल्याने काम सुरू करण्यापूर्वी महापालिकेच्या नियमांची चौकशी करणे आवश्यक आहे. घर वारसा यादीत असल्यास चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाच्या वारसा संवर्धन समितीचा विषय येतो. सामाईक भिंत असेल, तर शेजाऱ्याच्या बाजूची पाहणी आणि त्याची संमती काम सुरू होण्याआधी घेणे दोघांच्याही हिताचे असते.

कंत्राट देताना केवळ चौकटीचे माप आणि दर न ठरविता टेकूंची व्यवस्था, आरपार दगडांची संख्या, तुळईची जाडी व टेकण, मालाचा प्रकार आणि ओलावा राखण्याचे दिवस लेखी नमूद करावेत. कमी दराच्या कामात प्रथम याच बाबी गाळल्या जातात आणि गिलावा झाल्यावर त्या डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढून ठेवल्यास पुढील दुरुस्ती करणाऱ्याला भिंतीच्या आत काय आहे ते कळते.

तांबरममध्ये अशा कामासाठी वर्षाच्या सुरुवातीचे महिने सोयीचे ठरतात. ईशान्य मोसमी पाऊस तोवर ओसरलेला असतो, भिंत सुकू लागलेली असते आणि कडक उन्हाळा अद्याप दूर असतो. जानेवारी-फेब्रुवारीत बांधलेल्या बाजू व कमानी ऑक्टोबरपर्यंत पक्क्या होतात. पावसाच्या तोंडावर काम हाती घ्यावेच लागले, तर भिंत फोडण्याऐवजी टेकू, ताडपत्री आणि पाण्याला उतार एवढ्यावर त्या वर्षी थांबणे आणि मूळ दुरुस्ती पुढच्या कोरड्या हंगामात करणे अधिक सुरक्षित ठरते.